अर्ध्या फेऱ्यात अडकलेला दिवा

गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झोपलेले असायचे आणि बटण दाबलं की उठून बसायचे, असा एक काळ होता. पॉप-अप हेडलाइट म्हणतात त्यांना. रस्त्यावर पाहिले नसतील, तर एखाद्या रेसिंग गेममध्ये तुम्ही ते नक्की पाहिले असतील. १९३६ च्या कॉर्ड ८१० या अमेरिकन गाडीत ते हाताने हँडल फिरवून वर काढावे लागत. १९६२ च्या लोटस इलानमध्ये ते काम व्हॅक्यूमवर चाले. पुढे विजेची मोटर आली.

यात हौस होतीच, पण नियमांचाही हात होता. हेडलाइट जमिनीपासून किमान किती उंच हवा, हे अमेरिकेत ठरलेलं होतं आणि स्पोर्ट्स कारचं नाक तर हवा कापायला खाली हवं. मग लागेल तेव्हाच दिवा वर आणायचा, अशी पळवाट निघाली. नंतर दिवेच लहान झाले, पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आणि २००४ मध्ये कॉर्व्हेट सी-५ आणि लोटस एस्प्री बंद झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी हा प्रकार सोडून दिला.

गिरगावात माझ्या आत्याकडे अशी एक गाडी आहे. माझदाची एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, लाल, दोन सीटची. हे मॉडेल १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसलं. आमचे आतोबा मर्चंट नेव्हीत होते. परदेशातून परतलेल्या एका माणसाकडून त्यांनी ती जुनी गाडी घेतली. ते गेले आणि गाडी वाडीच्या अंगणात ताडपत्रीखाली राहिली. आत्याला चालवता येत नाही. महिन्यातून एकदा मी जाऊन इंजिन सुरू करतो, चौपाटीपर्यंत एक चक्कर मारून आणतो.

गेल्या पावसाळ्यानंतर उजवा दिवा बिघडला. कधी अर्धा उठून थांबायचा, कधी थांबायचाच नाही, सारखा वर-खाली. डावा मात्र शहाण्यासारखा उठून बसलेला. आत्या म्हणाली, "या वयात मला डोळा मारणारी ही एकटीच उरली."

हसलो, पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासली जाते. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी हवी, तर गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. तिशीतली गाडी धड नवी नाही, धड व्हिंटेजही नाही. मुदत संपायला तीन आठवडे होते. एका गॅरेजने मोटर परदेशातून मागवावी लागेल, दोन महिने लागतील, असं सांगितलं. टोरंटोहून आतेभावाने फोनवर निकाल दिला, "भंगारात देऊन टाक आई, किती दिवस सांभाळणार?" आत्या काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर ताडपत्री धुऊन वाळत घातलेली.

मी सॉफ्टवेअरवाला. बग शोधायची पद्धत तेवढी ठाऊक. लॅमिंग्टन रोडवरून मल्टिमीटर आणला. फ्यूज ठीक. रिले बदलून पाहिला, फरक नाही. मोटरच्या प्लगपर्यंत बारा व्होल्ट व्यवस्थित पोहोचत होते, अर्थिंगही बरोबर. म्हणजे दोष मोटरच्या आत. फ्यूज काढून मोटरवरची रबरी टोपी उघडली. तिच्याखाली एक नॉब असतो, तो फिरवून दिवा हाताने वर आणता येतो. फ्यूज आधी काढायचा, कारण फिरवताना मोटर अचानक जागी झाली तर बोटं सापडतात. मोटर सोडवून घेतली आणि पिशवीत घालून लालबाग गाठलं.

तिथे भारतमाता सिनेमापासून चालत पाच मिनिटांवर एका काकांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली आणि पुढचा फुटपाथ. काका विशीत परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परतायला गिरणी उरली नाही. काका टॅक्सीच्या गॅरेजात लागले. मग चाळीस वर्षं प्रीमियर पद्मिनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. काकांचं गिऱ्हाईक तिच्याबरोबर गेलं.

मी त्यांना गाडीचं नाव सांगितलं, साल सांगितलं, मोबाइलवर सर्किटचा नकाशा दाखवला. काकांनी तो बघितला नाही.

"आधी कव्हर तर खोल, इंजिनिअर."

कव्हर निघालं. आत एक तबकडी, तिच्यावर तांब्याचे गोल पट्टे, पट्ट्यांना एका जागी खाच आणि वरून टेकलेल्या पितळी पत्त्या. सगळ्यावर तपकिरी, चिक्कीसारखं कडक झालेलं ग्रीस.

"हा तर वायपर," काका म्हणाले.

मला कळेना. त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यातून वायपरची एक जुनी मोटर काढून शेजारी ठेवली. तिच्यातही तबकडी, पट्टा, खाच. वायपर आपण कधीही बंद केला, तरी तो काचेच्या मध्यावर थांबत नाही, खाली जाऊन निजतो. कारण बटण बंद झालं तरी पट्ट्यातून वीज मिळत राहते, ती खाच येईपर्यंत. दिव्याचंही तेच. मोटर एकाच दिशेने फिरते. अर्ध्या फेऱ्यात दांडा दिवा वर ढकलतो, उरलेल्या अर्ध्यात खाली ओढतो. वर कुठे थांबायचं आणि खाली कुठे, ते खाच ठरवते. पत्तीला खाच नीट लागली नाही, तर मोटर थांबतच नाही. मधेच घाण आली, तर तिथेच अडकते.

मी दिवसभर 'उघडं आहे की बंद' असल्या गोष्टी कोडमध्ये लिहून ठेवतो आणि लिहिलेलं एक, प्रत्यक्षात दुसरंच, असा घोळ झाला की रात्री जागतो. या मोटरने कुठेच काही लिहून ठेवलेलं नाही. ती जिथे उभी आहे, तीच तिची नोंद. असलं स्वच्छ डिझाइन मी फार कमी पाहिलं आहे.

"दर जूनला टॅक्सीवाल्यांची रांग लागायची," काका म्हणाले. "पाऊस पडला की वायपर अडकलेच. किती केले असतील, मोजले नाहीत."

मग त्यांनी रॉकेलमध्ये ब्रश बुडवून तबकडी धुतली. पट्टा एका ठिकाणी जळून काळा पडला होता, त्यावरून झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला. पत्ती चिमट्याने केसभर वाकवली. "दाब राहिला नव्हता तिला." दांड्याच्या टोकाचा प्लॅस्टिकचा बुश झिजून सैल झाला होता, त्यामुळे दिवा वर आल्यावर थरथरायचा. मी व्हर्नियरने माप घेतलं आणि गल्लीतल्या लेथवाल्याने नायलॉनच्या रॉडमधून नवा बुश काढून दिला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फाइलिंग केलं होतं, त्यानंतर धातूला माझा हात लागला तो थेट त्या दिवशी.

सगळ्या कामाचे काकांनी चारशे रुपये घेतले.

मोटर बसवली, फ्यूज लावला, बटण दाबलं. दोन्ही दिवे एकदम वर आले, एकदम खाली गेले. आत्याने मला तेच अकरा वेळा करायला लावलं. ताडदेवला गाडी पास झाली. पुढची पाच वर्षं भंगाराचा विषय नाही.

मॉडेल नंबर टाकून शोधलं की आपल्याला त्या मॉडेलचंच उत्तर मिळतं, आणि पार्ट मिळत नसला तर उत्तर संपतं. काकांनी ही गाडी जन्मात पाहिली नव्हती. त्यांना ती फिरणारी तबकडी ठाऊक होती. जपानी स्पोर्ट्स कारचा दिवा आणि लालबागच्या टॅक्सीचा वायपर त्यांच्या हातात एकाच घरचे होते. ही ओळख कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. ती हजार अडकलेल्या वायपरमधून आलेली आहे.

काकांची चाळ आता पुनर्विकासात जाणार आहे. तळमजल्यावरच्या गॅरेजच्या बदल्यात काय मिळेल, ते त्यांनाही नक्की माहीत नाही. मुलगा बँकेत आहे, त्याला यात रस नाही. कणकवलीला घर आहे, तिकडे जाईन म्हणतात. मोटरींचा डबा इथेच ठेवून जाणार होते. मी त्यातल्या तीन मागून घेतल्या आणि आता दर शनिवारी तिकडे जातो. पहिल्या दोन उघडून, साफ करून चालू केल्या. तिसरीतला पट्टा खाचेपाशीच झिजून गेलाय. तो पुन्हा कसा भरायचा, हे काका चाळ सोडायच्या आत मला शिकून घ्यायचं आहे.