पोटापाण्याचा प्रश्न

मराठीतले काही जोडशब्द इतके घट्ट असतात की त्यांचा सांधा डोळ्यांना दिसत नाही. ‘पोटापाणी’ हा त्यांपैकी एक. पोटापाण्याचा उद्योग, पोटापाण्याची सोय असे आपण सहज म्हणून जातो. त्यात पोट आणि पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत याचे भान कोणाला नसते. मला ते २०१८ च्या पावसाळ्यात आले. पुण्यात माझ्यावर गॅस्ट्रिक बायपासची शस्त्रक्रिया झाली आणि घरी सोडताना आहारतज्ज्ञ बाईंनी जो कागद हाती दिला, त्यावरचा पहिलाच नियम असा होता : जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास प्यायचे नाही, मात्र एरवी घोटाघोटाने दिवसाकाठी दीड लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे. भाषेने शतकानुशतके जोडलेले दोन शब्द एका टंकलिखित ओळीने वेगळे केले होते.

शस्त्रक्रियेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची, साधारण तीस मिलिलिटर मावेल एवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग थेट तिला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग शरीरातच राहतो, पण अन्न त्या वाटेने जात नाही. भुकेची जाणीव घडवणाऱ्या संप्रेरकांचे गणितही त्यामुळे बदलते. वजन उतरते आणि मधुमेह पुष्कळदा आटोक्यात येतो; माझाही आला. परंतु लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने ज्या भागात शोषले जाते, नेमका तोच भाग वगळला जातो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी जठरात तयार होणारे एक प्रथिन लागते. त्याची आणि अन्नाची गाठही नीट पडत नाही. थोडक्यात, अन्न कमी जाते आणि गेलेल्यातलेही सगळे अंगी लागत नाही. ‘अंगी लागणे’ हा आपला जुना वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या इतका जवळचा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आपल्या साहित्यात जाडेपणाला जागा मिळाली ती बहुतेक विनोदात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ हे प्रकरण मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाला अख्खी चाळ सल्ले देते आणि विद्यार्थी खळखळून हसतात. दुसऱ्या बाजूला भुकेचे साहित्य आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’पर्यंत (२०१५) अन्न कोणाच्या वाट्याला किती आणि कसले आले, हा प्रश्न मराठीत पुन्हा पुन्हा विचारला गेला. त्या लेखनासमोर ‘मला दोन घासांच्या वर जेववत नाही’ हे वाक्य उच्चारणेही संकोचाचे वाटते. तरीही हा लेख लिहावासा वाटला, कारण पोट भरणे आणि पोषण होणे यांतला फरक या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी हरवलेला आहे आणि तो हरवल्याची किंमत मी माझ्याच घरात पाहिली.

घर साताऱ्याचे. स्वयंपाकघर आईचे, तिचे वय आज अठ्ठ्याहत्तर. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे सोपे गेले, कारण आजारी माणसाला काय द्यावे हे तिला पक्के माहीत होते. आधी नुसती पेये, मग दूध-ताक, मग घोटलेले वरण, मग मऊ अन्न अशा पायऱ्या होत्या आणि त्या तिने बाळंतिणीच्या पथ्यासारख्या निगुतीने सांभाळल्या. खरा प्रश्न दोन महिन्यांनी, मी ताटावर बसू लागले तेव्हा उभा राहिला. आपल्या ताटाला एक व्याकरण आहे : डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, आणि आरंभ वरणभाताच्या मुदीने, वर तुपाची धार. माझ्या बाबतीत हा क्रम उलटा करायचा होता. आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी भात. जागा क्वचितच उरे.

“एवढंच?” आई विचारी. पुढे काही दिवसांनी, “माझ्या हातचं नको का झालंय तुला?”

या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर देता येते, पण ते उत्तर होत नाही. तिच्या पिढीतल्या बाईला माया व्यक्त करण्यासाठी जी भाषा मिळाली, तिचे मुख्य क्रियापद वाढणे हे होते. आग्रह हा त्या भाषेतला अलंकार. मी ताट सारले की तिचे वाक्य अर्धवट राहत असे. एका होळीला तिने केलेल्या पुरणपोळीचा मी चतकोर खाल्ला आणि पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, चक्कर यांनी आडवी झाले; गोड पदार्थ लहान आतड्यात भरभर उतरल्याने असे होते. मी सावरले, पण त्या दिवशी पुरणयंत्र धुऊन वरच्या फळीवर गेले ते बरेच महिने खाली आले नाही.

तिला पटले ते आकड्यांनी. कागदावर लिहिले होते की दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने हवीत. आम्ही हिशेब मांडला. घट्ट वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम. म्हणजे नऊ-दहा वाट्या, आणि माझ्या पोटात अर्धी वाटी जेमतेम मावणार! “म्हणजे वरण खाऊन तू उपाशीच,” ती म्हणाली. मग तिने आपले सगळे कसब त्या हिशेबाला जुंपले. दह्याचा चक्का साखरेविना, जिरेपूड घालून, पनीर कुस्करून, मोड आलेल्या मुगाचे धिरडे, थालिपिठाच्या भाजणीत सोयाबीनचे पीठ, दुधात प्रथिनांची भुकटी. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे, सावकाश चावून. एवढे करूनही अन्नाने सगळे भागत नाही, म्हणून गोळ्या. बहुजीवनसत्त्वे, लोह, ड जीवनसत्त्व, आणि कॅल्शियम सायट्रेट दोन-तीन वेळा विभागून. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचे अंतर ठेवायचे, कारण ते एकमेकांच्या शोषणाच्या आड येतात. हे सारे जन्मभर. वजनाचा काटा स्थिरावल्यावर हे संपते, असा अनेकांचा समज असतो. तो घातक आहे.

घातक अशासाठी की या अवस्थेत शरीर वेळेवर बोलत नाही. बी-१२ चा साठा यकृतात वर्षानुवर्षे पुरू शकतो आणि म्हणून कमतरता उशिरा उघड होते. २०२१ मध्ये मला काहीच होत नव्हते. मी चार तास उभी राहून शिकवत होते, संध्याकाळी अजिंक्यताऱ्याची चढण चढत होते. वार्षिक तपासणीत बी-१२ बरेच खाली आलेले दिसले. गोळ्या नियमित चालू होत्या, तरीही. तेव्हापासून इंजेक्शन घेते. तपासणी झाली नसती तर पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण अशा वाटेने ते कळले असते आणि मज्जातंतूंची हानी दरवेळी भरून येतेच असे नाही. याउलट थायमिनचा, म्हणजे बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांत सरतो. शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होत असतील तर ‘पोट नाजूक झाले आहे’ म्हणून घरी थांबू नये, तातडीने डॉक्टर गाठावा. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळू लागतात, ते मात्र बहुधा पुन्हा येतात. विद्यार्थिनींपैकी कोणी या वाटेवर असेल तर तिने हेही लक्षात ठेवावे की साधारण दीड वर्ष गर्भधारणा पुढे ढकलायला सांगतात.

भूक लागली की खावे आणि पोट भरले की थांबावे, हे शहाणपण आपण निसर्गाचे मानतो. माझ्यापुरते त्यातले दोन्ही संकेत निकामी झाले आहेत. भूक लागत नाही तेव्हा खावे लागते, आणि पोट भरते तेव्हा पोषण झालेले नसते. मला संवेदनेवर विसंबता येत नाही, माहितीवर विसंबावे लागते. संवेदनेला प्रमाण मानणाऱ्या साहित्याच्या शिक्षिकेला हे पचवणे अन्न पचवण्याहून जड गेले.

त्याच २०२१ च्या तपासणीला आई सोबत आली होती. आलीच आहेस तर तुझेही रक्त देऊ, असे मी म्हटले. तिचे जठर, आतडी सगळे जागच्या जागी. तिचे हिमोग्लोबिन माझ्याहून कमी निघाले, दहाच्याही खाली. तिच्या डॉक्टरांनी इतर कारणे तपासून पाहिली आणि शेवटी लोहाची कमतरता, तीही बहुधा फार जुनी, असे निदान केले. मी तिला आठवू लागले : सगळ्यांची पाने उठल्यावर बसणारी, उरलेली आमटी आणि सकाळची भाकरी खाणारी, विचारले तर “पोट भरलं” असे सांगणारी. ते खोटे नव्हते, तिचे पोट खरोखरच भरलेले असे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्यांच्यापैकी कितीजणी रात्री हेच दोन शब्द उच्चारत असतील?

त्यानंतर स्वयंपाकघरातला प्रथिनांचा हिशेब दोघींच्या नावाने होऊ लागला. धिरडी दोन होतात, एक तिचे. ती आता माझ्याबरोबर बसते, कारण मला जेवायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ एकटीला बसवणे तिला बरे वाटत नाही. भांडण उरले आहे ते चहाचे. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, म्हणून गोळी आणि चहा यांत अंतर ठेव, असे मी रोज सांगते आणि ती रोज घड्याळाकडे पाहून गोळी पदराच्या गाठीत बांधते. “तुझं सगळं ऐकलं,” ती म्हणते, “पण चारचा चहा मी सोडणार नाही.” गोळी साडेपाचला घेतली जाते. मी समोर बसून ती गिळलेली पाहते, आणि मग ती माझी कॅल्शियमची गोळी माझ्यापुढे सरकवते.