कमरेला बांधलेला माग



मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात आम्ही दोघे पाठीवर मावेल एवढेच सामान घेऊन गेलो आणि पहिले तीन दिवस अँटिग्वा शहरात राहिलो. राजधानीपासून हे शहर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. अमेरिकेत शाळेची मुले ने-आण करून जुन्या झालेल्या बसगाड्या इथे भडक रंग देऊन चालवतात. दोघांच्या बाकावर तिघे बसतात. गावाकडच्या वडापचीच आठवण झाली.

शहर देखणे आहे. गोट्यांचे रस्ते, बैठी रंगीत घरे, भूकंपात पडलेली चर्चे आणि दक्षिणेला आगुआ नावाचा उंच ज्वालामुखी. १७७३ च्या भूकंपाने शहर मोडले आणि १७७६ मध्ये राजधानी आजच्या जागी हलवली गेली. १९७९ पासून अँटिग्वाची गणना जागतिक वारशात होते. हे शहर स्पेनच्या लोकांनी बांधले, असे सांगितले जाते. पण दगड कोणी वाहिले? या भूमीच्या मूळच्या माया लोकांनी. वाचकहो, दगड वाहणाऱ्याचे नाव पाटीवर नसते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पहिल्या दिवशी बाजारात जेवलो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवतात, दळतात, आणि बाया दोन्ही तळहातांवर थापून त्याच्या लहान भाकरी करतात. सोबत काळ्या घेवड्याची उसळ. तो थापण्याचा आवाज ऐकला आणि आईची चूल डोळ्यांसमोर आली.

दुसऱ्या दिवशी फुटपाथवर एक माया बाई कापड विणताना दिसली. मागाचे एक टोक खांबाला आणि दुसरे तिच्या कमरेला बांधलेले. ती मागे रेलली की धागे ताणले जात. शेजारी तिने विणलेले उइपिल, म्हणजे पोलक्यासारखे वस्त्र, मांडले होते. आम्ही एक उचलले आणि सवयीने निम्म्या किमतीला मागितले. घासाघीस करून बरेच उतरवले. स्वस्तात मिळाले म्हणून खूश झालो. मग मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले, विणायला किती दिवस लागले? तिने तीन बोटे दाखवली आणि म्हणाली, महिने.

आम्ही वरमलो. आमच्या आजीने दिवसभर खुरपून संध्याकाळी मजुरी मागितली की तिच्याशीही असाच भाव केला जाई. आम्ही बाईला तिने पहिल्यांदा सांगितलेली पूर्ण किंमत दिली. तिने आभार मानले नाहीत. नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या आणि पुन्हा विणायला लागली. ते आम्हाला योग्यच वाटले. तिच्या कष्टाचेच तर पैसे होते ते!

हाच पोशाख अंगावर असला की या बायांना अपमान सोसावा लागतो. २००२ साली इर्मा अलिसिया वेलास्केस निमातुह या माया मानववंश अभ्यासक बाईंना राजधानीतल्या एका उपाहारगृहात पोशाखामुळे आत जाऊ दिले नाही. त्यांनी आवाज उठवला. त्याच वर्षी वांशिक भेदभाव हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. त्याआधी १९६० ते १९९६ या यादवी युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. मळ्यावर मजुरी आणि शहरात घरकाम केलेल्या रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला. त्याही हाच पोशाख घालून जगापुढे उभ्या राहिल्या.

तिसऱ्या रात्री आम्हा दोघांत वाद झाला. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या आयाबहिणींना सांगितले होते, की अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगड्याची नेसण आणि दागिने टाकून द्या. त्यांनी टाकले आणि ताठ मानेने चालू लागल्या. मग या बाया अपमान ओढवणारा पोशाख का सोडत नाहीत?

बोलता बोलता उलगडा झाला. आपल्या अंगावरची ती खूण दुसऱ्यांनी लादलेली होती; ती टाकण्यात स्वाभिमान होता. यांचे वस्त्र यांच्याच हातचे, आईने लेकीला शिकवलेले आहे. ते जपण्यात स्वाभिमान आहे. टाकायचे काय आणि राखायचे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. ते दुसऱ्याने ठरवले की गुलामी सुरू होते.

ते उइपिल आता आमच्या घरी आहे. किंमत विचारणाऱ्याला आम्ही सांगतो, तीन महिने.

जयभीम!