दंड नव्हे, मागणी

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले व मुली हल्ली नोकरीधंद्यानिमित्त इंग्लंडात स्थायिक झाली आहेत, आणि घरातील वडील मंडळीही नातवंडांच्या ओढीने तिकडे महिना दोन महिने राहून येतात. तिकडील थंडीविषयी व महागाईविषयी परतल्यावर पुष्कळ बोलणे होते. परंतु एका कागदाविषयी सहसा कोणी बोलत नाही, कारण तो दारी आला म्हणजे भल्या मनुष्यास उगाच अपराध्यासारखे वाटू लागते. खाजगी वाहनतळावर मोटार उभी केल्याबद्दल तेथील कंपनी जी पैशाची मागणी पाठविते, तोच हा कागद. गेल्या उन्हाळ्यात आम्ही लंडनजवळ चिरंजीवांकडे असताना असा एक कागद त्यांच्या घरी आला. त्यावरून घरात जो खल झाला, तो इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

हकीगत अशी. आमचा चष्मा मोडला होता. सकाळी दहाच्या सुमारास सूनबाईंनी आम्हांस मोटारीने चष्म्याच्या दुकानी नेले व चाळीस मिनिटांत आम्ही तेथून निघालो. दुपारी चष्मा तयार असल्याचा निरोप आला, म्हणून चारनंतर पुन्हा गेलो व पाऊण तासात परतलो. त्या वाहनतळावर तीन तासपर्यंत काही द्यावे लागत नाही. नवव्या दिवशी टपालाने नोटीस आली, की आपली मोटार सहा तास पन्नास मिनिटे उभी होती, सबब १०० पौंड भरावे. १४ दिवसांच्या आत भरल्यास ६० चालतील. सोबत कॅमेऱ्याने टिपलेली दोन छायाचित्रे होती: एक सकाळी आत येतानाचे, दुसरे सायंकाळी बाहेर पडतानाचे. मधले जाणे आणि मधले येणे यंत्राने पाहिलेच नव्हते! पहिला प्रवेश व शेवटचे निर्गमन यांची सांगड घालून त्याने दोन फेऱ्यांचा एक मुक्काम केला होता. असा घोटाळा या कॅमेऱ्यांकडून वरचेवर होतो, असे मागाहून कळले.

घरात तत्काळ दोन पक्ष पडले. सूनबाई म्हणाल्या, "नाना, साठ पौंड देऊन टाकू. आमचा कायम वास्तव्याचा अर्ज चालू आहे, त्यात कोठे डाग नको." चिरंजीवांचे म्हणणे याच्या उलट. "हे कागद केराच्या टोपलीत टाकायचे असतात. ऑफिसातले सगळे तेच करतात." एकाचे मत भीतीतून आलेले, दुसऱ्याचे ऐकीव धैर्यातून. आम्हांस दोन्ही पटेनात.

प्रथम भीतीचा विचार करू. तिकडे नगरपालिका जो दंड करते त्याचे इंग्रजी नाव 'पेनल्टी चार्ज नोटीस', आणि खाजगी कंपनीच्या कागदाचे नाव 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोहोंची आद्याक्षरे पी. सी. एन. हीच. नामसाम्यामुळे गरीब मनुष्य दुसऱ्यास पहिलाच समजून घाबरतो. वस्तुतः दंडाचा अधिकार मूलतः राजाचा, हे आपल्या धर्मशास्त्राचे तत्त्व तेथेही लागू आहे. खाजगी कंपनी दंड करीत नाही. फलकावरील अटी मान्य करून आपण मोटार उभी केली व अट मोडली, सबब ठरलेली रक्कम द्या, एवढेच ती म्हणते. म्हणजे हा कराराचा वाद, फौजदारी गुन्हा नव्हे. न्यायालयाने निकाल देईपर्यंत तो केवळ एका पक्षाचा दावा असतो.

परंतु तेवढ्यावरून कागद टोपलीत टाकणे हेही शहाणपणाचे नव्हे. चिरंजीवांच्या स्नेह्यांचा उपदेश एके काळी चालून जाई. २०१२ साली 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स' नावाचा कायदा झाला. त्याने इंग्लंड व वेल्समध्ये खाजगी जागेत मोटारीच्या चाकास कुलूप घालण्याची जुलमी चाल बंद केली. पण त्याचबरोबर, मोटार कोण चालवीत होते हे कळले नाही तरी ती ज्याच्या नावे नोंदलेली त्याच्याकडून पैसे मागण्याची सोयही कंपन्यांस करून दिली. मात्र त्याकरिता नोटिशीस मुदतीची बंधने घातली. काचेवर चिठ्ठी न लावता केवळ टपालाने पाठविलेली नोटीस १४ दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे, हे त्यांपैकी एक. आमची नोटीस मुदतीत होती. "आपला पत्ता यांस कोठून मिळाला?" असे आम्ही विचारले, तेव्हा तो मोटारींची नोंद ठेवणारे सरकारी खातेच अडीच पौंडांस पुरविते असे समजले.

पुढे २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात एक प्रसिद्ध निकाल झाला. चेम्सफर्ड येथे बीव्हिस नामक गृहस्थ दोन तासांच्या मुभेवर ५६ मिनिटे अधिक राहिले. कंपनीने ८५ पौंड मागितले. एवढी रक्कम म्हणजे शिक्षाच होय, व खाजगी करारात शिक्षा चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. सात न्यायाधीशांपैकी सहांनी ते अमान्य केले; फलक ठळक होता, आणि जागा सर्वांस मिळत राहावी हा मालकाचा हेतू रास्त आहे, असे ठरले. तेव्हा हे कागद पोकळ आहेत असे म्हणण्यास आता आधार उरला नाही. दुर्लक्ष केले तर दावा लागतो. दाव्यासही उत्तर न दिल्यास एकतर्फी निकाल होतो. आणि निकालाची रक्कम महिन्याच्या आत न भरल्यास त्याची नोंद सहा वर्षे राहून कर्ज काढताना आडवी येते.

मग करावे काय? आम्ही आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविले. आम्हांस याज्ञवल्क्याचा व्यवहाराध्याय आठवला. तेथे खटल्यास चार पाद सांगितले आहेत: भाषा म्हणजे वादीचे म्हणणे, उत्तर, क्रिया म्हणजे पुरावा, आणि साध्यसिद्धि म्हणजे निर्णय. उत्तरही टीकाकारांनी चार प्रकारचे मानले आहे. आरोप खरा म्हणून कबूल करावा; खोटा म्हणून नाकारावा; खरा असला तरी त्यास अमुक कारण होते असे सांगावे; अथवा हा वाद पूर्वीच निकालात निघाला आहे असे दाखवावे. चारांपैकी आपले उत्तर कोणते, हे ठरविल्याशिवाय लेखणी उचलू नये. मौन हा त्यांत पाचवा प्रकार नाही, आणि संतापही नाही. आमचे उत्तर उघडच दुसरे होते: मोटार तेथे सलग नव्हतीच.

राहिली क्रिया. सूनबाईंनी कपाट व पर्स धुंडाळली. चष्म्याच्या दुकानाच्या दोन पावत्या निघाल्या, दोहोंवर वेळ छापलेली. त्या दिवशी दुपारी नातीस ताप आल्यामुळे तिला शाळेतून लवकर आणले होते. शाळेच्या नोंदवहीत वेळ व सही होती, आणि शाळेने विनंतीवरून तसे पत्र दिले. औषधाच्या दुकानाची साडेबाराची पावतीही सापडली. सहा ओळींचे पत्र लिहून, त्यास हे सर्व जोडून, एक प्रत घरी ठेवून ते कंपनीस धाडले.

तीन आठवड्यांनी छापील उत्तर आले, की आमचे कॅमेरे अचूक आहेत, सबब आपले म्हणणे अमान्य. जोडलेले कागद कोणी उघडून पाहिले असावेत असे त्यावरून दिसेना. पुढची पायरी स्वतंत्र लवादाची. कंपनी ज्या व्यवसायसंघाची सभासद असेल, त्याप्रमाणे 'पॉप्ला' अथवा 'आय. ए. एस.' यांकडे जावे लागते. पॉप्लाकडे जाण्यास काही खर्च पडत नाही, आणि तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, मोटारवाल्यावर नसतो. परंतु तेथे गेल्यावर साठाची सवलत सहसा उरत नाही. हरल्यास पुरे शंभर. चिरंजीव आता डळमळले. "जाऊ द्या नाना, चाळीस पौंडांसाठी कशाला?" तेव्हा साठ पौंड देऊन मोकळे होऊ म्हणणाऱ्या सूनबाईच ठामपणे म्हणाल्या, "आता पैशांचा प्रश्न नाही. मी खरे लिहिले, आणि त्यांनी ते न वाचताच मला खोटे ठरवले. मी अर्ज करणार." त्याच रात्री त्यांनी तो केला. पुढे कंपनीने लवादापुढे काही मांडलेच नाही. मागणी मागे घेतल्याचे दोन ओळींचे पत्र आले. दिलगिरीचा शब्द त्यात नव्हता.

शंभर पौंड वाचले याचे आम्हांस विशेष वाटले नाही. परक्या देशात राहणाऱ्या आपल्या मुलांस पदोपदी वाटत असते, की आपण पाहुणे, आपण तक्रार करू नये. मुकाट्याने देऊन टाकावे म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. अशा भित्र्या सभ्यतेवरच या मागण्यांचा पुष्कळसा व्यापार चालत असला पाहिजे. जेथे चूक आपली असेल तेथे सवलतीच्या मुदतीत पैसे भरून मोकळे व्हावे. त्यात कमीपणा नाही. जेथे नसेल तेथे मुदतीत, लेखी, पुराव्यासह आणि सभ्य भाषेत उत्तर द्यावे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण खरी. परंतु ती चढावी लागू नये म्हणूनच आलेल्या पत्रास वेळेवर उत्तर द्यावयाचे असते. सूनबाईंनी त्या पावत्यांचे पाकीट अद्याप फेकलेले नाही, आणि आता प्रत्येक पावती त्या तारीख पाहून त्यातच ठेवतात.