बुरा चढलेला मका

दसऱ्याच्या आधी मक्याची कणसं मोडून खळ्यावर टाकली आणि परतीचा पाऊस चार दिवस धरून बसला. वर ताडपत्री होती, ओल खालून चढली. मळणीनंतर दाणा वरवर सुकला, तो बारा पोत्यांत भरून गोठ्याच्या पडवीत रचला. व्यापाऱ्याने दाणा चावून बघितला आणि भाव पाडून मागितला. मी चिडून म्हणालो, "विकायचाच नाही. भरडून घरच्या गाईंना घालू."

त्या बोलण्याचा पश्चात्ताप मला आजही आहे. आमच्याकडे रीतच तशी. भिजलेला कडबा, काळी पडलेली पेंड, मुरघासाच्या खड्ड्याच्या कडेचा कुजका थर, काहीही टाकत नाहीत. गुरं खातील म्हणतात.

खालच्या थरातल्या पोत्यात हात घातला तर दाणा कोमट लागला. ढेपळं झाली होती. फोडली की हिरवट-पिवळी धूळ उडायची, बंद खोलीच्या ओल्या भिंतीसारखा वास यायचा. ढेपळं काढून टाकली, उरलेला मका चाळून, उन्हं दाखवून गिरणीवर भरडून आणला. मला वाटलं, एवढं केलं म्हणजे झालं.

आधी चांदी बिघडली. दोन्ही वेळचं मिळून १८ लिटर देणारी गाय. धारेच्या वेळी बायको म्हणाली, "अहो, ही आंबोणाला तोंड लावते आणि मागे घेते." गाईला कळत होतं, मला कळलं नाही. बघता बघता दूध ११ लिटरवर आलं, शेण पातळ, केस राठ, रवंथ मंद. मी जंताचं औषध पाजलं आणि दिवस घालवले. मग सहा महिन्यांची गाभण गौरी गाभडली. पहाटे गेलो तेव्हा ती त्या हातभर, निर्जीव वासराला चाटत उभी होती. चाटायची, थांबायची, पुन्हा चाटायची.

डॉक्टर आले. गाभडण्याच्या ब्रुसेला रोगासाठी गौरीचं रक्त तपासायला पाठवलं, त्यात दोष निघाला नाही. मग त्यांनी भरड्याचं पोतं मागितलं, मूठभर तळहातावर घेऊन हुंगलं आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावला. अहवालात अफलाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचं विष निघालं १४० पीपीबी. पशुखाद्यात मर्यादा २०ची आहे. डॉक्टरांनी समजावलं, चाळल्याने, उन्हात घातल्याने बुरशी जाते, दाण्यात उतरलेलं विष जात नाही. काही विषं गाईच्या पोटात मोडतात, हे मात्र यकृत धरतं. मक्यावरची दुसरी एक बुरशी माजाच्या संप्रेरकासारखं काम करणारं विष तयार करते, त्याने गाई उलटतात, गाभडतातही. गौरीला नेमकं कशाने झालं, हे त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. १९७४ साली गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात असाच पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

जाता जाता त्यांनी विचारलं, "चांदीचं दूध घरात कोण पितं?"

माझी तीन वर्षांची नात पीत होती, रोज, दीड महिना. गाईने खाल्लेल्या विषाचा काही भाग रूप बदलून दिवसभरातच दुधात उतरतो आणि दूध उकळून तो जात नाही. म्हणून तर एक किलो दुधात ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर तो चालत नाही. माझ्या गोठ्यातलं दूध डेअरीलाही जात होतं, म्हणजे आणखी कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात.

भरडा त्याच दिवशी बंद केला. दूध तीन-चार दिवसांत निवळतं म्हणाले, आम्ही पाच दिवस ते ना घरात घेतलं ना डेअरीला घातलं. बायकोने चरव्या बांधाकडेला ओतल्या, एक शब्द बोलली नाही. उरलेली पोती खड्डा काढून पुरली, कोंबड्यांनाही टाकू दिली नाहीत. चांदी सावरली, पण १५ लिटरच्या वर गेली नाही. गौरी तीनदा उलटली, चौथ्या रेतनाला राहिली.

आता दाणा दाताखाली कट्ट वाजल्याशिवाय पोत्यात भरत नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवतो. तुमच्या पडवीतल्या पोत्यांत आज एकदा हात घालून बघा. एखादं कोमट लागलं, तर त्यातला दाणाही गव्हाणीत टाकू नका.