थोरला भाऊ जस्त

गंजाबद्दल मला मनापासून आदर आहे. इतका कामसू प्राणी मी दुसरा पाहिला नाही. त्याला रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही. मुंबईसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात तर तो ओव्हरटाइम करतो. अशा या गंजावर मध्यमवर्गीय माणसाला ठाऊक असलेला एकच उतारा म्हणजे ‘जस्ती’. बादली जस्ती, पत्रा जस्ती, पाइप जस्ती. ‘जीआयचा आहे हो!’ असं कोणी म्हटलं, की ऐकणारा मुलगी चांगल्या घरी पडल्यासारखा समाधानानं मान डोलावतो.

यातला जी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते गॅल्व्हानी इटलीतल्या बोलोन्याचे. अठराव्या शतकात ते मेलेल्या बेडकांचे पाय विजेनं नाचवून बघत. बादलीशी त्यांचा काडीइतका संबंध नव्हता. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायचं पेटंट १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरनं घेतलं. पण नाव राहिलं बेडूकवाल्यांचं. कष्ट एकाचे आणि पाटी दुसऱ्याची, हा प्रकार फक्त आपल्याच ऑफिसात चालतो असं नाही.

कोणी म्हणेल, ही तर लोखंडाची कल्हई! दिसायला खरंच तशी. नवसागरसुद्धा दोन्हीकडे लागतो. पण स्वभावात जमीनअस्मानाचा फरक. कल्हई कथलाची. लोखंडावर कथील चढवलं, तर चरा पडेपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चालतं. चरा पडला, की कथील बाजूला उभं राहतं आणि लोखंडालाच पुढं ढकलतं. मग ते अधिकच भराभर गंजतं. जस्त म्हणजे एकत्र कुटुंबातला थोरला भाऊ. चरा पडला तरी ‘धाकट्याला हात लावू नका, काय झिजायचं ते मी झिजतो’ म्हणून आपण झिजत राहतं आणि शेजारचं उघडं लोखंड सांभाळतं.

या थोरल्या भावाला घराबाहेर काढण्याचं काम जो करतो, त्याला वेल्डर म्हणतात.

आमच्या सोसायटीच्या गच्चीला नवा कठडा करायचं ठरलं. जुना इतका गंजला होता, की संक्रांतीला पतंग वर आणि पोरांच्या आयांचा जीव त्याहून वर टांगलेला असे. जीआयचे पाइप मंजूर झाले. मिस्त्री आला, ठिणग्या उडाल्या आणि पाठोपाठ पांढराशुभ्र धूर निघाला. तो धूर म्हणजेच जळणारं जस्त. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. जस्त ४२० अंशांनाच पाघळतं आणि ९०७ अंशांना उकळून वाफ होतं. म्हणजे धाकटा घामाघूम व्हायच्या आत थोरला आकाशात! हा धूर छातीत गेला, की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डिंगवाले त्यावर दूध पितात. त्याचा फायदा दूधवाल्याला होतो. खरा उपाय म्हणजे जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन-चार बोटं जस्त आधीच घासून काढणं आणि मोकळ्या हवेत, धूर तोंडावर येणार नाही असं बसणं.

जोड झाले. सगळ्या पाइपाच्या अंगात चिलखत, आणि ज्या सांध्यावर सगळा भार, तिथंच नेमका उघडाबंब! मिस्त्रीनं त्यावर चंदेरी रंग फासला आणि अभिमानानं म्हणाला, “साहेब, ओळखा बघू जोड कुठं आहे?”

सेक्रेटरी खूश झाले. “वा! अगदी मॅच झालाय!” मॅच हा शब्द ते साडी, सोयरीक आणि कठडा या तिन्हींना सारख्याच आदरानं वापरतात.

मी म्हटलं, “अहो, यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आहे. हा नुसता रेनकोट झाला. फाटला की आत पाणी. जोडाला जस्ताचाच रंग पाहिजे. सुकल्यावर ज्याच्या थरात नव्वद टक्क्यांच्या वर जस्त उरतं, तसला.”

“तो महाग असतो,” खजिनदार म्हणाले. त्यांना किंमत माहीत नव्हती, पण हे वाक्य त्यांना पदामुळेच पाठ आहे.

“आणि दिसतो कसा?”

“राखाडी. चमक नाही.”

“म्हणजे मॅच होणार नाही!”

चर्चा तिथंच संपायची. पण तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत पुढं आले. “सेक्रेटरीसाहेब, मी रोज संध्याकाळी या कठड्याला टेकून उभा राहतो. रंग मॅच झाला नाही तरी चालेल. मी वरच राहिलो म्हणजे झालं.”

ठराव एकमतानं पास झाला.

डबा आला. उचलताच हात खाली गेला, इतका जड. मिस्त्री आधी नाराज होता, मग इरेला पेटला. त्यानं हातोडीनं वेल्डिंगची खपली उडवली आणि तारेच्या ब्रशनं चंदेरी रंग खरवडून लोखंड लख्ख केलं. कारण जस्ताचे कण प्रत्यक्ष लोखंडाला टेकल्याशिवाय हे भावाचं नातं लागत नाही. मध्ये रेड ऑक्साइडचा हात मारलात, तर तो सावत्र. मग जोड पुसून, कोरडा करून, त्यावर हातावर हात चढवले. शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, थर बसला पाहिजे. जस्त तळाशी बसतं म्हणून डबा सारखा ढवळायचा. हे काम खजिनदारांनी स्वतःकडे घेतलं. पैसे तळाशी राहू नयेत, एवढाच त्यांचा हेतू.

पाइपाच्या पोटातलं जळालेलं जस्त मात्र कोणाच्याच हाताला लागत नाही. म्हणून मोठे कारखाने आधी सगळे जोड करून मग अख्खी वस्तूच जस्तात बुडवतात. आमची गच्ची बुडवण्याएवढी कढई मिळेना. तेव्हा पाइपांची तोंडं बंद करून पाणी आत जाणार नाही एवढं पाहिलं.

आता चकचकीत कठड्यावर जागोजाग राखाडी पट्ट्या दिसतात. पाहुण्यांनी विचारलं, की सेक्रेटरीच सांगतात, “डाग नव्हेत ते, जस्त आहे जस्त!” परवा पावसाळ्यानंतर एका जोडावर पांढरट भुकटी दिसली आणि ते धावतच माझ्याकडे आले. “अहो, गंज!”

मी म्हटलं, “तांबडा आहे का?”

“नाही, पांढरा.”

“मग निश्चिंत झोपा. थोरला भाऊ कामावर आहे.”