हेब्बाळचा तलाव आणि जुनी चेनसॉ

बेंगळुरू विमानतळाकडे निघालात की हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून तलाव दिसतो. केंपेगौडांच्या काळातला, 1537 चा मानला जाणारा. एप्रिल-मेच्या वळवात शहरातले गुलमोहर कोसळतात, तेव्हा मोठी चेनसॉ घ्यावीशी वाटते. जुनी घेऊन दुरुस्त करायचीय? आधी दोरी सावकाश ओढा. हाताला दाब जाणवला नाही, तर पिस्टन-सिलिंडर झिजले असतील. मफलर काढून पिस्टनवर ओरखडे आहेत का, बघा. कार्ब्युरेटरचा पडदा आणि इंधननळी नवी घाला. सुट्या भागांसाठी एस. पी. रोडवर विचारा. चेन ब्रेक तपासल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. कर्नाटकात 1976 च्या कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून पहिला ओंडका वादळात पडलेल्या झाडाचाच, तोही विचारून घ्या.