एका वर्षाच्या वाचनाचा जमाखर्च

मार्चअखेर आली की वाण्याच्या दुकानापासून बँकेपर्यंत जिकडेतिकडे हिशेबाची धांदल उडते. वर्षभरात काय आले, काय गेले, बाकी किती, हे एकदा कागदावर उतरले म्हणजे माणसाला बरे वाटते. मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे ही खोड मलाही आहे. २०२४ च्या जूनमध्ये कॉलेज सुरू झाले तेव्हा एक दोनशे पानी वही आणली आणि ठरवले, की मे २०२५ पर्यंत अभ्यासक्रमाबाहेरचे जे काही वाचीन त्याची नोंद करायची. रकाने चार : पुस्तकाचे नाव, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख आणि ते केव्हा वाचले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वहीचा ताळेबंद होय.

प्रथम ढोबळ आकडे. पूर्ण झालेली पुस्तके १९, अर्ध्यावर राहिलेली ५. म्हणजे महिन्याला दोनसुद्धा नाहीत. वसतिगृहात राहून आठवड्याला कादंबरी संपवणाऱ्या आमच्या विद्यार्थिनी यावर हसतील. त्यांनी खुशाल हसावे! नोव्हेंबर-डिसेंबरची पाने जवळजवळ कोरी आहेत. नणंदेच्या मुलीचे लग्न होते. मार्चमध्ये धाकटीला गोवर आला, म्हणून त्या महिन्यात मात्र तीन पुस्तके झाली. आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे वाचनाला फार सोयीचे असते, हे कोणत्याही आईला विचारा.

पण वाचण्यासारखा आहे तो चौथा रकाना. ‘कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.’ ‘दळण येईपर्यंत, गिरणीच्या बाकावर.’ ‘कार्यालयात, तिसरी पंगत बसेपर्यंत.’ ‘रात्री साडेदहानंतर, दोन पाने, झोप.’ हे सगळे ‘पर्यंत’ पाहून माझ्या ध्यानात आले, की माझे वाचन कोणत्या तरी दुसऱ्या कामाच्या शेपटाला बांधलेले आहे. त्याला स्वतःची अशी वेळ एकच होती : शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा, वाचनालयात.

वर्गात आम्ही ‘वैकल्पिक खर्च’ शिकवतो. एक वस्तू घेताना जी दुसरी सोडावी लागते ती पहिलीची खरी किंमत, असा त्याचा अर्थ. मग शनिवारच्या या दीड तासाची किंमत काय? मी घरी नसताना कणीक कोण भिजवत होते, धाकटीला पाढे कोण म्हणायला लावत होते? उत्तर सोपे होते : सासूबाई. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी वहीत पाचवा रकाना आखला आणि त्यावर लिहिले : ‘कोणाच्या वेळेतून’. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ९७, असे आढळले. हे आकडे मी वर्गात फळ्यावर अनेकदा लिहिले आहेत. परंतु एकीची मिनिटे वाचली तर ती घरातल्या दुसरीच्या खात्यावर पडतात, हे त्या तक्त्यात दिसत नाही. ते माझ्या पाचव्या रकान्यात दिसू लागले.

योगायोग असा, की त्याच सुमारास रमाबाई रानडे यांच्या आठवणी हाती आल्या. न्यायमूर्ती १९०१ साली गेले आणि रमाबाईंचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. १८७३ साली लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. विद्यार्थिदशेत हे पुस्तक वाचताना त्या बायकांचा मला राग आला होता. या खेपेस मनात वेगळाच प्रश्न आला. सून पुस्तक घेऊन बसली असताना तिच्या वाटणीचे काम कोणाकडे जात होते? आणि त्या बायकांपैकी एखादीला, ‘तुम्हालाही अक्षरे शिकायची आहेत का?’ असे कोणी विचारले होते काय?

आमच्या सासूबाईंचे माहेर धारवाडचे. सातवीपर्यंतचे शिक्षण कानडी शाळेत. लग्न होऊन बेळगावात आल्या त्या मराठी घरात. इथे वर्तमानपत्र मराठी, पोथी मराठी, मुलांच्या शाळा मराठी. त्या मराठी बोलू लागल्या, उत्तम बोलू लागल्या. पण देवनागरी त्यांच्या डोळ्यांना कधी सरावली नाही आणि कानडी पुस्तक घरात येतच नव्हते. कोणी बंदी घातली नव्हती. आपल्या गावात भाषेवरून किती वर्षे वाद चालला आहे, हे मी सांगायला नको. आमच्या घरात वाद मुळीच झाला नाही. एक भाषा मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन बसली, इतकेच. पन्नास वर्षांत त्या बाईने पंचांगावरच्या तारखांपलीकडे काही वाचले नव्हते.

ऑगस्टमध्ये मी एस. एल. भैरप्पा यांची ‘वंशवृक्ष’ घेतली. मूळ कन्नड कादंबरी १९६५ ची. मराठी अनुवाद उमा कुलकर्णी यांचा, ज्याला १९८९ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. उमाताई जन्माने बेळगावच्या. त्यांच्या कामाची पद्धत अनेकांना ठाऊक असेल : त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचत आणि त्या ऐकून मराठीत उतरवीत. हे मी जेवताना सहज सांगितले, तशा सासूबाई म्हणाल्या, “मग कानडी पुस्तक आण की. मी वाचतो, तू ऐक.” (धारवाडच्या बायका मराठी बोलतानाही स्वतःला ‘वाचतो, करतो’ म्हणतात, त्यात सुधारणा करण्याच्या भानगडीत आमच्याकडे कोणी पडत नाही.)

कन्नड विभागातल्या एका सहकारी बाईंनी मूळ पुस्तक दिले. पहिले आठ-दहा दिवस सासूबाई ओळीखाली बोट धरून, अडखळत वाचत होत्या. मी पोळ्या लाटत असे, त्या पाटावर बसून वाचत. दसऱ्यापर्यंत बोट सुटले. दिवाळीत पाहुण्यांसमोर वाचू लागल्या. मला बोलीतली कानडी कळते, पुस्तकी कळत नाही. अडले तिथे त्या थांबून मराठीत सांगत, आणि रात्री मी अनुवादाचे तेच प्रकरण वाचून पाही. कन्नडमध्ये सुनेला ‘सोसे’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द ‘सोसणारी’ असा ऐकू येतो. श्रोत्रींची विधवा सून कात्यायनी कॉलेजात जायला निघते, त्या भागात हा शब्द आला की आमच्या सासूबाई चष्म्यावरून माझ्याकडे पाहत आणि पुढे वाचत.

त्या कादंबरीत सदाशिवराव नावाचे एक विद्वान प्राध्यापक आहेत. भारतीय संस्कृतीच्या इतिहासाचे मोठे खंड ते लिहीत असतात. संसाराचा सारा भार पत्नी नागलक्ष्मी वाहते. आणि ग्रंथाच्या कामात बरोबरीने साथ देणारी हवी म्हणून ते आपल्या संशोधक विद्यार्थिनीशी दुसरे लग्न करतात. माझ्यासारख्या पुस्तकी माणसाची सहानुभूती ग्रंथाकडे जाते. सासूबाई ते प्रकरण संपवून पुस्तक मिटून म्हणाल्या, “तिला कधी एक पान वाचून दाखवलं काय त्यानं?” एवढ्या वर्षांच्या अध्यापनात मी या कादंबरीवर पुष्कळ चर्चा ऐकल्या आहेत. हा प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही.

‘वंशवृक्ष’ संपायला फेब्रुवारी उजाडला. एकटीने वाचले असते तर दहा दिवस लागले असते. हिशेबाच्या दृष्टीने हा तोटाच. पण पाचव्या रकान्यात त्या पुस्तकासमोर काहीच लिहावे लागले नाही, कारण तो वेळ कोणाचा काढून घेतलेला नव्हता, दोघींचा होता. पोळ्याही वेळेवर झाल्या.

मग ही लागण पसरली. थोरला मुलगा दहा वर्षांचा. त्याला मी रात्री प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ वाचून दाखवले. लंपनची भाषा आमच्या गल्लीतलीच, अर्धी मराठी नि अर्धी कानडी वळणाची. त्यामुळे अनुवादाची गरज कोणालाच पडली नाही. पुढे आठ दिवस घरात प्रत्येक गोष्ट ‘मॅड’ होती. आमचे हे वाचनाच्या भानगडीत पडत नाहीत. पण कथा रंगात आली की भांडी विसळण्याचे काम त्यांच्याकडे आपसूक जाई. पाचव्या रकान्यात त्यांचेही नाव आले, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

सगळीच पुस्तके अशी पंगतीला बसवता येत नाहीत. प्रकाश संतांच्या मातोश्री इंदिरा संत यांचा ‘गर्भरेशीम’ (१९८२) मी एकटीनेच वाचला. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला हा संग्रह मोठ्याने वाचायला माझा आवाज धजेना. १९४६ साली पती गेले, पदरी तीन मुले, बेळगावात नोकरी. आणि त्यातून ही कविता. त्यांना वेळ कोठून मिळत असेल, असे लोक नेहमी विचारतात. माझ्या वहीने मला एवढेच शिकवले, की वेळ ‘मिळत’ नसतो. तो कोणीतरी देते. कधी आपले आपणच, झोपेतून. कधी दुसरे कोणी, न बोलता.

मे अखेरीस वही बंद करताना बाकी अशी निघाली : १९ पुस्तके माझी, ४ सासूबाईंची. दुसरा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या आठवड्यात बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना इंग्रजी अनुवादासाठी आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी होऊनच विचारले, “ते पुस्तक कानडीत मिळतंय काय बघ की.”

आमच्या नियतकालिकाचे हे दोन्ही विभाग ज्यांच्या घरी जातात अशा विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. सुटीत घरी गेलात म्हणजे आई, आजी, काकू यांना विचारा, त्यांनी शेवटचे पुस्तक कोणते वाचले आणि कोणत्या भाषेतले. उत्तर येईपर्यंत थोडा वेळ लागेल. थांबा.